हुकूम आणि माणूस

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील आंझिओ हे गाव २२ जानेवारी १९४४ रोजी तेथे उतरलेल्या दोस्त सैन्यामुळे इतिहासात गेले. ४ जूनला रोम मुक्त झाले आणि युद्ध उत्तरेकडे सरकले. त्या युद्धात मराठी शेतकऱ्यांची मुलेही झुंजत होती, याचे स्मरण आपल्याकडे क्वचितच होते.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील बाकीचे सारे जवान मशीनगनच्या माऱ्यात ठार वा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले, ते ठाणे त्यांनी मोडले आणि तेथेच गोळी लागून ते पडले. वय अवघे बावीस. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले. मग परत जाऊन तीन मशीनगनची ठाणी निकामी केली. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मोहन नगरात आमच्याकडे बसले असता एक स्नेही म्हणाले, “अहो, पगारी शिपाई ते! इकडे साताऱ्यात प्रतिसरकार इंग्रजांशी लढत होते, आणि हे त्याच इंग्रजांसाठी मरत होते.”

हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. फॅसिझमचा पाडाव व्हायला हवाच होता. तरी गुलामांकरवी दुसऱ्यांचे स्वातंत्र्य मिळवणाऱ्या साम्राज्याचे पाप त्याने धुतले जात नाही. घाडग्यांच्या हातून मेले तेही कोणाचे तरी मुलगेच होते. शौर्याने हेतू शुद्ध होत नाही.

परंतु आम्हीही सरकारी कारकून. पगार घेतो, हुकूम पाळतो. म्हणून एक भेद आम्हांस स्पष्ट दिसतो. हुकूम माणसाला नदीकाठापर्यंत नेतो. जखमी सोबत्याला पाठीवर घेण्याची वेळ येते, तेव्हा हुकूम पुरत नाही. तेथे माणसाला स्वतःच ठरवावे लागते. लढाई कोणाची हे जाधवांनी ठरविले नव्हते. पाठीवरचा माणूस मात्र त्यांचा होता. साम्राज्याच्या दोषाचा वाटा त्या कृतीला देणे जितके अन्यायाचे, तितकेच तिचे श्रेय साम्राज्याला देणे.

इटलीतील मॉन्टोने येथे २०२३ साली घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघडी उभारली गेली. तिचा विचार मनात आला की टेबलावरची फाइल आम्हांस निराळी दिसते. तिच्यात कोणा विधवेचे पेन्शन अडलेले असते. नियमाने ती फाइल आमच्यापर्यंत आणली. पुढे ती उचलून न्यायची की नाही, हे आम्हांसच ठरवावयाचे आहे. तेथे ‘वरून हुकूम नव्हता’ हे उत्तर आम्हांस देता येणार नाही.