चवीचे ऋण

मॉन्ट्रियलच्या माइल एंड भागात, सेंट व्हिएटर रस्त्यावरच्या बेकरीत आजही लाकडाच्या भट्टीतून बेगल निघतात. मधाच्या पाण्यात उकळलेले, तिळात घोळवलेले ते पिठाचे कडे हाताला चटका देत असतानाच मोडून खावे, यातच त्याची खरी गोडी. या सुखाबद्दल धर्माने काय म्हणावे? रसना जिंकल्याशिवाय इंद्रियजय नाही, असे आपल्याकडचे विरक्त सांगत आले. पूर्व युरोपातल्या ज्या ज्यू वस्त्यांत बेगल रुजला, त्यांच्या धर्मशास्त्राने वेगळी वाट धरली आणि मला तीच अधिक खरी वाटते. चव घेणे हा दोष नव्हे. तिचे ऋण न मानता ती घेणे, हा दोष.

तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या मते स्तुतिवचन न म्हणता जगातल्या कशाचाही उपभोग घेणे, म्हणजे देवाला वाहिलेली वस्तू बळकावणे. ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणाऱ्यांना हे परके वाटू नये. बेगल आधी उकळतात, मग भाजतात. तेव्हा तो पाव मानावा की शिजवलेले पीठ, याचाही शास्त्रात विचार झाला. भट्टीत भाजला म्हणून तो पाव ठरला. म्हणजे खाण्याआधी विधिपूर्वक हात धुणे आले, स्तुतिवचन आले. त्या वचनात जमिनीतून भाकरी काढणाऱ्या देवाची स्तुती आहे. जमिनीतून तर गहू येतो! मळणी, दळण, मळणे, भाजणे ही सगळी माणसांची कामे. माझ्या मते ‘भाकरी’ या एका शब्दात पाऊस आणि भट्टीपाशी राबणारा कारागीर एकत्र आले आहेत. खाण्यानंतरची प्रार्थना याहून महत्त्वाची. तिचा आधार बायबलमधल्या ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात आहे आणि तिथे आज्ञा पोट भरलेल्याला आहे. भुकेल्याला देव आठवतोच. विसर पडतो तो तृप्तीनंतर.

पैसे मोजले, आता ऋण कसले, असे कोणी विचारेल. किमतीने दुकानदाराचा हिशेब मिटतो, पावसाचा मिटत नाही. देव न मानणाऱ्यालाही एवढे नाकारता येणार नाही. व्रतस्थ माणूस श्रेष्ठ नाही का? तालमूदमध्येच यावर मतभेद आहे. मद्य वर्ज्य करणाऱ्या नाझीराला कोणी पवित्र म्हणतो, तर कोणी स्वतःला सुखापासून तोडल्याबद्दल पापी ठरवतो. सर्वांत जड आक्षेप भुकेचा: जगात उपाशी माणसे असताना चवीचे कौतुक कशाला? पण ज्या धर्मशास्त्राने घासाआधी स्तुती सांगितली, त्यानेच शेताची कड गरिबांसाठी न कापता ठेवायला सांगितले. भाकरीला ऋण मानणाऱ्यालाच ती नसलेला माणूस दिसतो. सेंट व्हिएटरची ती बेकरी १९५७ साली सुरू करणारे मायर लेव्कोविच नाझींच्या बुखेनवाल्ड छावणीतून वाचून आले होते.