सत्य कोणाच्या मालकीचे?

जठराच्या कर्करोगाचे निदान झाले की पुष्कळ घरांत पहिला निर्णय उपचारांविषयी होत नाही. रुग्णापासून काय लपवावे, याविषयी होतो. ‘फादर, बाबांना अल्सर म्हणून सांगितले आहे,’ असे उंबरठ्यावरच कानात सांगितले जाते. धर्मगुरूनेही ते निभावून न्यावे, अशी अपेक्षा असते.

या लपविण्यामागे प्रेमच असते, हे मान्य. शिवाय प्रत्येक सत्य प्रत्येकाला कोणत्याही घटकेला सांगितलेच पाहिजे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण नाही. मौनाला आणि योग्य वेळेची वाट पाहण्याला तिच्यात जागा आहे, असत्याला नाही. ‘अल्सर’ म्हणणे हे मौन नव्हे.

आणि हा आजार असा की, त्यात असत्य फार दिवस टिकत नाही. दोन घासांतच पोट भरते, वजन उतरते, शौचास काळे होते. शस्त्रक्रियेत संपूर्ण जठर काढावे लागले, तर अन्ननलिका थेट आतड्याला जोडतात. मग भरपेट जेवण संपले. दिवसातून सहा-आठ वेळा थोडे थोडे खायचे आणि आयुष्यभर बी-१२ची इंजेक्शने घ्यायची. अल्सर बरा झाला, असे मानणारा माणूस हे पथ्य का पाळील? ‘आणखी एक घास घ्या’ म्हणणाऱ्या पत्नीला तो कारण सांगू शकत नाही, आणि तीही त्याला सांगत नाही. परस्परांना फसवीत दोघे एका ताटाशी बसतात.

रोग हाताबाहेर गेला असेल, तर प्रश्न अधिकच कठीण. केमोथेरपी सोसावी की वेदनाशमनावर समाधान मानावे? मृत्यू हा हेतू नसेल आणि अन्य उपाय नसेल, तर आयुष्य काहीसे उणे होण्याचा संभव असूनही वेदनाशामक औषधे घेता येतात, असे पायस बारावे यांनी १९५७ मध्येच स्पष्ट केले होते. पण ही निवड करायची कोणी? ज्याचे शरीर, ज्याचा आत्मा, त्यानेच ना? (रुग्णाभ्यंग संस्कार म्हणजे मरणाची वर्दी, हा गैरसमजही या लपवाछपवीवरच पोसला जातो.)

परमगुरुस्वामी जॉन तेविसावे याच रोगाने ३ जून १९६३ रोजी निवर्तले. निदान सप्टेंबर १९६२ मध्ये, व्हॅटिकन परिषदेच्या उद्घाटनाच्या तोंडावर झाले होते. तरुणपणी ते बेर्गामोच्या महागुरुस्वामींचे सचिव होते आणि १९१४ मध्ये त्यांच्या मृत्युशय्येशी हजर होते. १९६३ च्या मेअखेरीस त्यांच्या स्वतःच्या सचिवाने, लोरिस कापोविला यांनी, शेवट जवळ आल्याचे त्यांना सांगितले. त्यानंतर त्यांनी अखेरचे कम्युनियन व रुग्णाभ्यंग स्वीकारला. शुद्धीवर असताना, सारे जाणून.