दोरा कधी दिसतो?

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ७, श्लोक ७



आजच्या श्लोकात भगवंत सांगतात, दोऱ्यात मणी ओवावेत तसं हे सगळं जग माझ्यात ओवलेलं आहे. माळ हातात घेतली की आपल्याला मणी दिसतात. दोरा दिसतो तो तुटल्यावरच.

आपल्या पिढीसाठी याचा दाखला समुद्रात आहे. नांदेड-लातूरहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण इथून लंडनला लावलेला व्हिडिओ कॉल सहसा सॅटेलाइटने जात नाही. तो जमिनीखालच्या केबलने मुंबईला आणि तिथून समुद्राच्या तळावरच्या केबलने अरबी समुद्र, तांबडा समुद्र, भूमध्य समुद्र असा युरोपात पोचू शकतो. खोल समुद्रात ही केबल बागेतल्या पाइपाएवढीच जाड. आत केसासारखे काचेचे तंतू आणि त्यांतून धावणारा प्रकाश. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ अशा दोन केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं. आपण कशावर ओवलेले आहोत, हे तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं!

माझा मोठा भाऊ लंडनला असतो. लातूरला आईपाशी मी. त्याचा रोज रात्री फोन येतो आणि आईचा चेहरा फुलतो. दिवसभराची औषधं, दवाखाना, गॅसचा नंबर माझ्याकडे. मग मनात येतंच, फोनवर बोलून कर्तव्य होतं का?

ज्ञानेश्वर माऊली या श्लोकावर एक पाऊल पुढे जातात. ते म्हणतात, मणीही सोन्याचे आणि सूतही सोन्याचंच. इथे मी थांबलो. केबल काचेची आहे. ती दोन टोकं जोडते, पण एकजीव करत नाही. ते काम मायेचं. नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिबचं कीर्तन परदेशात बसून थेट ऐकताना कुणाचे हात आपोआप जोडले जातात. आणि कुणी तिथेच दरबारात बसून मोबाइल चाळत असतो. यातला जवळ कोण?

म्हणजे सेवा फोनवर उरकता येते, असं नाही हं. आईला जिना उतरवायला हातच लागतो. मी इथे आहे, म्हणून तो हात माझा. पण दादाच्या आवाजाने तिला लागणारी शांत झोप मला आणता येत नाही. तीही सेवाच. कुणाचं जास्त, हा हिशोब मणी करतात. दोऱ्याने सगळेच धरलेले असतात.

आजचा नेम : ज्याच्याशी मनात असा हिशोब चालू आहे, त्याला आज स्वतःहून फोन करा. तो शेजारच्या खोलीत असेल, तर उठून जा.

राम कृष्ण हरी 🙏