दुसऱ्या दिवसाचा खर्च

चांगल्या शोमरोन्याचा दाखला रविवारच्या शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी निर्जन वाट, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला वाटसरू, त्याला पाहून पलीकडच्या बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि मग तो परका शोमरोनी. मुलांच्या नाटुकल्यात शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवतो. पडदा पडतो, टाळ्या वाजतात.

लूकच्या दहाव्या अध्यायात मात्र गोष्ट आणखी थोडी पुढे जाते. शोमरोनी त्याला उतारशाळेत नेतो आणि स्वतः त्याची काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून उतारशाळेच्या मालकाच्या हातावर ठेवतो. याच्याकडे लक्ष द्या, म्हणतो. याहून जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातल्या मजुरांशी ठरलेला दर हाच. म्हणजे दोन दिवसांची कमाई रोख, आणि पुढचा सगळा खर्च स्वतःच्या नावावर.

मला या दाखल्यातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पहिल्या दिवशी कळवळा होता. रक्त पाहिलं की तो बहुतेकांना येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब आला. शोमरोन्याला त्याचं काम होतं, पुढे जाणं भाग होतं. तो जखमीच्या उशाशी कायमचा बसून राहिला नाही. पण पैसे कोण देणार, लक्ष कोण ठेवणार आणि आपण पुन्हा इकडे येणार, हे तिन्ही ठरवूनच त्याने वाट धरली.

यरुशलेममधली पहिली मंडळीही याच ठिकाणी अडखळली होती. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ते प्रांजळपणे नोंदवलं आहे. विधवांना रोज अन्न वाटलं जाई आणि ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्यातून वगळल्या जात. कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी त्यावर प्रेमाचं प्रवचन झोडलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली, पवित्र आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेली, आणि प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. पंगतीची आणि वाटपाची व्यवस्था पाहायला! पहिला रक्तसाक्षी स्तेफन या सातांतलाच. आज आपल्या मंडळीत खजिनदार निवडताना कुणी इतकी प्रार्थना करत असेल का, मला शंका आहे.

आपल्याकडे या दुसऱ्या दिवसाचं काम कुणी केलं, तर पंडिता रमाबाईंनी. त्यांना वाटेवर पडलेल्याचं दुःख कुणी शिकवावं लागलं नव्हतं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. उरलेली दोघं भावंडं, रमा आणि श्रीनिवास, उपाशीपोटी गावोगाव पायी हिंडली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वॉन्टेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या बातम्या कानावर आल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन आल्या. इथवरचं धाडस सगळे सांगतात. पण या मुलींना ठेवायचं कुठे? पुण्यात प्लेग होता आणि सदनात नवी माणसं घ्यायला सरकारी मनाई झाली. तेव्हा कामी आली केडगावची जमीन, आणि ती दुष्काळाच्या आधीच घेऊन ठेवलेली होती. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी फक्त दहा वर्षांपुरती मदत कबूल केली होती. ती संपल्यावर सदनाचं कसं चालणार, या विचाराने रमाबाईंनी रेल्वे स्टेशनाजवळ माळरान विकत घेऊन तिथे फळबाग लावली होती. परोपकारी माणसं सहसा इतक्या पुढचा विचार करत नाहीत. पैसे संपले की हळहळतात.

केडगावला आधी तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मग हळूहळू एक गावच वसलं, मुक्ती मिशन. १९०० पर्यंत तिथे दीड हजारांच्या आसपास माणसं होती आणि शंभरावर गुरं. मुली शेती करत, गाई सांभाळत, कापड विणत, शिवण शिकत, तेल गाळत. छापखान्यात बायका खिळे जुळवत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच हातांनी छापलं गेलं. मुलगी मनोरमा अंध मुलींना ब्रेल शिकवत असे. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीला दोन वर्षं खिचडी घातली असती, तरी लोकांनी रमाबाईंना दुवाच दिला असता. त्यांनी तिच्या हाताला धंदा दिला. १९२१ मध्ये मनोरमा गेली, १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन आजही चालू आहे.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. ही मदत म्हणजे धर्मांतराचं आमिष, हा आरोप रमाबाईंवर तेव्हाही झाला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले ते याच वादातून. त्या वादाचा निकाल मी इथे लावत बसत नाही, पण दाखल्याचा निकाल स्पष्ट आहे. यहुदी आणि शोमरोनी यांचं पिढ्यान् पिढ्यांचं वैर होतं. तरी शोमरोन्याने पट्टी बांधण्याआधी जखमीचा धर्म विचारला नाही, आणि बांधून झाल्यावर त्याला आपल्या डोंगरावरच्या उपासनेचं आमंत्रणही दिलं नाही. अट घातलेली मदत हा सौदा आहे, आणि सौद्याला विश्वासाचं नाव देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दाखल्याच्या या कसोटीवर आपल्या मंडळ्यांकडे पाहिलं की थोडं ओशाळल्यासारखं होतं. नाताळच्या आठवड्यात आपण कंबलं वाटतो, केक वाटतो, बॅनरसमोर उभं राहून फोटो काढतो. फोटोत कंबल देणाऱ्याचा चेहरा स्पष्ट असतो आणि घेणाऱ्याचा खाली घातलेला. जानेवारीची थंडी डिसेंबरपेक्षा कडक पडली, तरी तेव्हा कुणी फिरकत नाही. याकोबाने आपल्या पत्रात नेमकं हेच झोडपलं आहे: उघड्या, उपाशी भावाला नुसतं सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव असं म्हणायचं आणि हातावर काहीच ठेवायचं नाही, याचा उपयोग काय?

गरज असलेला शेजारी आज यरीहोच्या वाटेवर पडलेला सापडत नाही. तो आपल्याच जिन्यात राहतो. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जायचं असतं, चार-चार तास यंत्राला जोडून पडायचं असतं आणि नंतर रिक्षा शोधत उभं राहण्याइतकं त्राण अंगात नसतं. किंवा ती चाळीतली बाई असते. नवरा गेल्यावर निराधार योजनेचा अर्ज कुठे द्यायचा हे तिला ठाऊक नसतं, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिने तहसील कचेरीच्या खेपा घातलेल्या असतात. अशा वेळी तिला प्रार्थनेच्या आश्वासनाइतकीच गरज असते कागदपत्रं वाचू शकणाऱ्या, रांगेत तिच्याबरोबर उभं राहणाऱ्या माणसाची. मंडळीत निवृत्त कारकून, शिक्षक, परिचारिका किती असतात! त्यांना आपण गायनवृंदात आणि सजावटीच्या समितीत बसवतो.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकांना किंवा धर्मग्रामाच्या फादरांना एवढंच विचारा: आपल्या वस्तीत डायलिसिसला कोण जातं आणि त्यांना मंगळवारी घरी परत कोण आणतं? उत्तर कुणालाच ठाऊक नसेल, तर एक वही घ्या. त्यात नावं लिहा आणि पहिल्या मंगळवारी स्वतः जा.