कर्ज कोणाचें, काटकसर कोणाची?

संसारांत कर्ज होऊं नये म्हणून उपदेश करणारांची आपल्याकडे कधींच वाण पडली नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करूं नये, हीं वचनें आपण बालपणापासून ऐकत आलों आहों. परंतु हीं सर्व वचनें कर्ज होण्यापूर्वीं उपयोगी पडणारीं आहेत. कर्ज एकदां झाल्यावर पतिपत्नींचा त्यासंबंधीं परस्परांशीं धर्म काय, या प्रश्नाला तीं स्पर्श करीत नाहींत. आणि खरा प्रश्न तर तेथेंच उत्पन्न होतो. कर्ज पुष्कळदां एकानें केलेलें असतें. काटकसर मात्र दोघांना करावी लागते. दुसऱ्यावर तें ओझें कोणत्या अधिकारानें पडतें?

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं या गोष्टीचा विचार केला होता, आणि तो आजच्या पुष्कळ सुशिक्षित घरांतील समजुतीपेक्षां सूक्ष्म होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. याज्ञवल्क्यस्मृति पतीचें ऋण फेडण्याचा भार सामान्यतः पत्नीवर टाकीत नाहीं. जें तिनें स्वतः पत्करलें, जें पतीसह मिळून काढलें, किंवा जें तिचें तिनेंच केलें, तेवढेंच तिचें. उलटपक्षीं पत्नीचें ऋणहि पतीवर पडत नाहीं. कुटुंबाच्या निर्वाहासाठीं काढलेलें कर्ज मात्र याला अपवाद. दुसरा अपवाद मोठा मार्मिक आहे : गवळी, कलाल, नट, परीट आणि व्याध यांच्या स्त्रियांनीं केलेलें ऋण त्यांच्या पतींनीं फेडावें, कारण त्या घरांचा चरितार्थ स्त्रियांवर अवलंबून असतो. म्हणजे ऋणाची जबाबदारी केवळ नात्याला बांधलेली नसून संमतीला आणि उपभोगाला बांधलेली आहे. पुत्राविषयींहि हीच दृष्टि दिसते. पित्याचें ऋण त्यानें फेडावें, परंतु मद्य, द्यूत आणि काम यांपायीं झालेलें ऋण फेडण्यास तो बांधलेला नाहीं. पुत्रावरील हें धार्मिक बंधन इंग्रजी अमलांतील न्यायालयांनींहि मानलें. हिंदु उत्तराधिकार कायद्यांत २००५ सालीं झालेल्या दुरुस्तीनें तें, त्यापुढील ऋणांपुरतें, संपुष्टांत आलें.

याच स्मृतींत स्त्रीधनाविषयीं एक वचन आहे, आणि तें मात्र स्त्रीला सर्वस्वीं अनुकूल नाहीं. दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि अटक या चार प्रसंगीं घेतलेलें स्त्रीधन पतीनें परत दिलेंच पाहिजे असें नाहीं. आजच्या दृष्टीनें हें वचन कठोर वाटेल. पण त्यांतील चार प्रसंग नीट पाहावे. त्यांत चुलतभावाच्या लग्नांतील मानपान नाहीं, नवी मोटारसायकल नाहीं, आणि मागील महिन्याचा हप्ता भागविण्यासाठीं या महिन्यांत गहाण पडलेल्या पाटल्याहि नाहींत. स्मृतिकारांनीं निदान कारणें मोजून ठेविलीं होतीं. आपल्या घरांत तीं मोजलींच जात नाहींत. पाटल्या कपाटांतून निघतात आणि 'पुढें सोडवून आणूं' एवढेंच कारण सांगितलें जातें.

संमति हा जर या साऱ्याचा पाया, तर ज्ञानावांचून संमति नाहीं हें ओघानेंच आलें. कर्जाचा आकडा ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें केलेल्या काटकसरीला त्याग म्हणणें ही भाषेची चैन होय. ती त्याच्याकडून झालेली वसुली आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, आणि तो दंगा पुढें आसपासच्या गांवांत पसरला, तेव्हां त्यांचा रोख मुख्यतः खतांवर आणि रोख्यांवर होता. ते कागद हातीं घेऊन त्यांनीं जाळले. निरक्षर कुणब्याला एवढें पक्कें समजलें होतें, कीं वही ज्याच्या हातीं, आपलें शेतहि त्याच्याच हातीं. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत न्यायाधीशानें केवळ रोख्यावर न विसंबतां व्यवहाराचा मागील सर्व इतिहास तपासावा अशी तरतूद होती, आणि ऋणकोला पावती व हिशेब मिळण्याचा हक्कहि होता. सावकारापासून हिशेब मागण्याचा जो हक्क त्या शेतकऱ्याला मिळाला, तो आज कित्येक गृहिणींना स्वतःच्या पतीपासून, आणि हल्लीं कित्येक पतींना स्वतःच्या मिळवत्या पत्नीपासून मिळत नाहीं, हें विचित्र नव्हे काय?

लपविणाराचा हेतु बहुधा दुष्ट नसतो. 'उगीच तिला काळजी कशाला', 'बोनस आला कीं मिटेल', असा तो मनाशीं विचार करतो. पण या दयाळूपणाची किंमत अंकांत मोजतां येते. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर आपल्याकडे महिना तीन टक्के किंवा त्याहूनहि अधिक व्याज पडतें. एक लाखाची बाकी आहे आणि दरमहा तीन हजार भरले जातात असें समजा; मुद्दल जन्मभर जागचें हलणार नाहीं. पांच हजार भरले तर फेडीस सुमारें ३१ महिने लागतील आणि एकूण दीड लाखांवर रक्कम जाईल. दहा हजार भरले तर सुमारें १२ महिन्यांत, एक लाख एकवीस हजारांच्या आसपास, सारें मिटेल. आतां एकट्यानें गुपचूप पांच हजारच काढतां येतात. दोघांनीं मिळून खर्चाची वही पुढें घेतली असती, तर आणखी पांच निघाले असते. मधले चौंतीस हजार रुपये ही केवळ लपविण्याची किंमत होय. गृहकर्जासारखें उजळ माथ्यानें काढलेलें कर्जहि समजून घ्यावें लागतें. वीस लाख रुपये, शेंकडा नऊ व्याज, वीस वर्षांची मुदत. मासिक हप्ता अठरा हजारांना अवघे पांच रुपये कमी. त्यांतील पंधरा हजार पहिल्या महिन्यांत व्याजांतच जातात, मुद्दलांत तीन हजारहि पडत नाहींत. दोघांपैकीं एकालाच हें ठाऊक असेल, तर 'एवढीं वर्षें भरतों आहों, मग बाकी कमी कां होत नाहीं' हा प्रश्न दुसऱ्याच्या मनांत संशय होऊन राहतो.

तेव्हां वही दोघांसमोर उघडावी, येथपर्यंत बहुतेक विचारी माणसें मान्य करतील. खरी अडचण त्यापुढें आहे. वही उघडल्यावर ज्यानें कर्ज केलें नाहीं तो सावकाराच्या गादीवर बसूं लागतो. चहाच्या पुडीपासून केशकर्तनापर्यंत प्रत्येक खर्चाला जाब विचारला जातो, आणि बँकेचे हप्ते संपले तरी हा खाजगी सावकार आपलें खातें बंद करीत नाहीं. बँकेला निदान मुदत असते. मला वाटतें, फेडींत वांटेकरी होण्यानें निर्णयांत वांटा मिळतो, न्यायनिवाड्याचा अधिकार मिळत नाहीं. म्हणून कितीहि ओढगस्त असली तरी दोघांच्याहि हातीं थोडी रक्कम अशी असावी, कीं जिचा हिशेब कोणी मागूं नये. शंभर असो वा पांचशें, रकमेला महत्त्व नाहीं. मोठ्या माणसाला आठ आण्यांच्या शेंगदाण्यांचाहि जमाखर्च द्यावा लागला, तर तो दुसरी वही सुरू करतो, आणि ती पुन्हां लपलेली असते.

नातलगांकडून हातउसने घेतलेल्या पैशांची गोष्ट याहून नाजूक. मेव्हण्यानें अडचणीच्या वेळीं पन्नास हजार दिले; ना कागद, ना व्याज. गणिताचा कौल स्पष्ट आहे : जेथें छत्तीस टक्के व्याज चढतें तें कर्ज आधीं फेडावें, बिनव्याजी सर्वांत शेवटीं. मन मात्र उलट कौल देतें, आणि तें अगदींच चुकत नाहीं. बँक आपला धोका दरांत घालून घेते. मेव्हण्यानें तो आपल्या मुलीच्या शिक्षणांतून घातलेला असतो. शिवाय तो मेव्हणा दोघांपैकीं एकाचा भाऊ, त्यामुळें त्याच्या घरीं गेल्यावर मान खालीं एकाचीच जाते. यावर माझें मत असें : क्रम गणिताचाच ठेवावा, पण तो मेव्हण्याला तोंडानें सांगावा, आणि सांगावयास दोघांनीं जावें. अमुक महिन्यांत बँकेची बाकी सरते, त्यापुढील महिन्यापासून तुमचे इतके. 'मला आत्तांच हवेत' असें तो म्हणाला, तर मात्र गणित गुंडाळून ठेवावें. ज्यानें व्याज घेतलें नाहीं त्यानें मुदत ठरविण्याचा हक्कहि सोडून दिला, असें मानण्यास आधार नाहीं.

कर्जबाजारी घरानें दानधर्म करावा काय, असाहि प्रश्न पुढें येतो. तुकोबांनीं सावकारीचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं ही कथा आपल्याला परिचित आहे. तींतील एक तपशील मात्र आपण भराभर ओलांडून जातों. परंपरा असें सांगते, कीं त्यांनीं निम्मीं खतें धाकटे भाऊ कान्होबा यांच्या हवालीं केलीं आणि आपल्या वांट्याचीं तेवढींच पाण्यांत सोडलीं. औदार्याचा इतका स्वच्छ हिशेब क्वचित् पाहावयास मिळतो. त्या दुसऱ्या निम्म्यांत जिजाईचा कांहीं वांटा होता काय, हा प्रश्न आपण ती कथा सांगतांना सहसा विचारीत नाहीं. तो विचारावयास हरकत नसावी.

राहतां राहिली आईबापांना पाठवावयाची रक्कम. तिला दान म्हणतां येत नाहीं. पितृऋण हा शब्द जेथें रूढ आहे, तेथें ती देण्याच्याच रकान्यांत पडते. तरीहि हप्ते भरून झाल्यावर जें उरेल त्यांतून ती काढण्याची प्रथा पडली आहे, आणि 'तुझ्या घरीं किती, माझ्या घरीं किती' यावरून जेवढें मन दुखावतें तेवढें बँकेच्या नोटिशीनेंहि दुखावत नाहीं. या बाबतींत एक साधी रीत कांहीं घरांतून चालत असलेली मीं पाहिली आहे. त्याच्या आईबापांना किती पाठवावें तें तिनें सुचवावयाचें, आणि तिच्या आईबापांचें त्यानें. रक्कम वहींत पहिल्या ओळींत पडते. अशा रीतीनें ठरविलेला आकडा सहसा थोडा वाढतोच. त्यापायीं कर्ज दोन-तीन महिने अधिक चालतें.