वास लागला म्हणे!

त्या दोन पिल्लांचं पुढं काय झालं, हे कुणी विचारलं का? चित्रफीत जिल्हाभर मोबाइलवर फिरली. उसाच्या फडातून उचललेली दोन सशाची पिल्लं, तोंडात कोंबलेली बाळाची दुधाची बाटली, मागं बासरी आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. पहिल्या दिवशी सगळ्यांना माया दाटून आली. त्यानंतर कुणी बोलत नाही. ऊसतोड आणि सोयाबीनची काढणी सुरू झाली की दर वर्षी हेच घडतं, आणि अशा बहुतेक पिल्लांचा शेवट काय होतो, हे जनावरांच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे.

बाटलीपेक्षाही मला संताप आला तो दिलेल्या कारणाचा. ‘हात लागला ना, आता माणसाचा वास लागला. आई जवळ घेत नाही. म्हणून घरी आणली.’

पिल्लू उचललं आपण. मोटारसायकलवरून घरी आणलं आपण. गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या हातातून फिरवलं, फोटो काढले, नावं ठेवली, तेही आपणच. आणि दोष कुणाचा? आईचा! तिला म्हणे माणसाचा वास चालत नाही. अहो, ती राहते कुठं? परभणी जिल्ह्यात जंगल आहेच किती? जिंतूरकडचे डोंगर सोडले तर बाकी सगळी नांगराखालची काळी जमीन. रानससा इथं जगतो तो आपल्या तुरीत, सोयाबीनमध्ये, गायरानात आणि बांधावरच्या गवतात. निंदणाऱ्या बाया तिच्या अंगावरून गेल्यासारख्या जवळून जातात. फवारा तिच्या डोक्यावरून जातो. ट्रॅक्टरचा धूर, खताचा दर्प, आपल्या चपला, आपली जनावरं, आपली भाकरीची फडकी, या सगळ्यात ती जन्मापासून वावरते. माणसाच्या वासानं पिल्लं टाकायची असती, तर मराठवाड्यात एकही ससा उरला नसता. कोणत्या आईनं कधी, कुणाला सांगितलं की तुमचा वास आला म्हणून मी परत फिरले? आपण ती परत येईपर्यंत थांबलोच नाही, मग ती आली नाही हे कळलं कसं?

हे कारण किती खोटं आहे ते पाहायचं असेल तर जुन्नरकडं पाहा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबट्याची मादी उसात विते. तोडणी सुरू झाली की पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्य येतात, पिल्लं हातात घेऊन तपासतात, कातडीखाली ओळखीची चिप बसवतात. म्हणजे हात लागतो, औषधाचा वास लागतो, सुईही टोचली जाते. मग अंधार पडायच्या सुमारास पिल्लं जिथं सापडली तिथंच क्रेटमध्ये ठेवून माणसं लांब होतात. मादी येते, क्रेट कलंडवते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. कॅमेऱ्यांनी हे पुन्हा पुन्हा टिपलं आहे. ज्या मादीच्या भीतीनं गावं रात्री घराबाहेर पडत नाहीत, तिची पिल्लं परत ठेवण्याचं धैर्य तिथं माणसांनी दाखवलं. आपल्याला सशाच्या आईसाठी एक संध्याकाळ थांबवत नाही.

वासाचा मुद्दा खरा आहे, पण तो कुत्र्यांच्या बाबतीत. रानससा बीळ करत नाही. गवतातल्या उथळ खळग्यात मादी विते. पिल्लांच्या अंगावर जन्मतःच केस असतात, डोळे उघडे असतात, आणि अंगाला वास फार थोडा असतो. आई दिवसभर त्यांच्यापासून लांब राहते ती याचसाठी. ती शेजारी बसून राहिली, तर कोल्हा, खोकड, रानमांजर तिच्या मागावर पिल्लांपर्यंत पोचेल. म्हणून ती अंधार पडल्यावर येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. दुपारी एकटं, न हलता बसलेलं पिल्लू अनाथ नसतं. आईनं शिकवलं नसतानाही ते अगदी बरोबर वागत असतं. आपण दहा जणांनी तिथं पायवाट पाडली की मागोमाग गावातली कुत्री येतात. घोळक्यातला जो जबाबदार असेल, त्यानं आधी कुत्री आवरावीत.

आता दूध. डेअरीवर गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ लागतं, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही माहीत असतं. अर्धा पॉइंट कमी लागला तर आपण भांडतो. सशाच्या जातीतल्या माद्यांच्या दुधात फॅट दहाच्या वर असते, प्रथिनं गायीच्या कितीतरी पट आणि दुधातली साखर अगदी नावाला. त्या पोटात गायीचं दूध, त्यात कुणी मायेनं साखर घातलेली, आणि तेही चार चार तासांनी. पोट फुगतं, हगवण लागते. बाटलीचं भोक मोठं असलं तर दूध फुप्फुसात जातं. उरलेलं काम भीती करते. माणसाच्या मांडीवर गप्प बसलेलं पिल्लू लळा लागला म्हणून गप्प नसतं, भीतीनं गोठलेलं असतं. जत्रेत पिंजऱ्यात मिळतो तो पांढरा ससा निराळा. तो युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज, त्याची पिल्लं नागडी आणि आंधळी जन्मतात. त्याच्या संगोपनाचे व्हिडिओ पाहून मानेवर काळा डाग असलेला आपला रानससा वाढवता येत नाही.

बाकीची कारणं मी थोडक्यात उरकतो. ‘कुत्र्यानं खाल्लं असतं.’ मग कुत्रं बांधा. ‘पुण्य लागतं.’ यावर मला बोलायचं नाही. ‘प्रकाश आमट्यांनी नाही का पाळले?’ हेमलकशाला 1973 नंतर प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं, त्याची सुरुवात शिकाऱ्यांनी मारून आणलेल्या माकडिणीला बिलगलेल्या पिल्लापासून झाली. आई मेलेली त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांचं नाव घ्यायचं तर तेवढी खात्री तरी करून घ्यावी.

आता कायदा. बहात्तर म्हटलं की इथं दुष्काळ आठवतो. त्याच 1972 मध्ये देशात वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्या कायद्यात नुसतं पकडणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. वन्य प्राणी कोणत्याही कारणानं हाती आला तर 48 तासांच्या आत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवावं लागतं. वाघूर लावून ससे धरणाऱ्याला आपण गुन्हेगार म्हणतो, आणि बाटली घेऊन बसलेल्याला प्राणीमित्र म्हणून शाल-श्रीफळ देतो. पिल्लू मात्र दोघांच्याही हातून मरतं. शाल देणाऱ्यांनी महिन्याभरानं पिल्लू दाखवा म्हणावं आणि मगच सत्कार ठेवावा.

एका ठिकाणी मात्र माझा आवाज खाली येतो. फडावर कोयत्याबरोबर आलेली लेकरं असतात. पहाटे आईबाप तोडीला लागतात, ही पोरं पाचटात दिवस काढतात. शाळा मागं राहिली, खेळणं नाही. त्यांच्या हाती सशाचं पिल्लू आलं आणि त्यांनी ते छातीशी धरलं, तर त्यांना कायदा सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना एकच गोष्ट सांगावी आणि सोबत राहून करून दाखवावी. दिवस मावळायच्या आत पिल्लू उचललं तिथंच नेऊन ठेवायचं. तो भाग तोडला गेला असेल, तर काही पावलांवर उभ्या पिकाच्या कडेला किंवा बांधाच्या गवतात ठेवायचं, आणि सगळ्यांनी तिथून निघायचं. लपून बघत बसायचं नाही. ही पोरं ते मोठ्यांपेक्षा नीट करतील, याची मला खात्री आहे.

आई खरोखर मेली असेल, पिल्लाला कोयता किंवा कुत्र्याचा दात लागला असेल, अंग गार पडलं असेल, जखमेवर माश्या बसत असतील, तर गोष्ट वेगळी. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाशी वाळलं गवत घाला, अंधार आणि ऊब ठेवा. दूध नाही, पाणी नाही, फोटो नाही. वनखात्याचा 1926 हा क्रमांक फिरवा. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याला जनावरांचे दवाखाने आहेत. काय पाजायचं आणि किती, ते त्यांना ठरवू द्या.

आणि कारखान्यांच्या शेतकी विभागांना, मुकादमांना माझी कळकळीची विनंती आहे. फड चारही बाजूंनी घेरत आत तोडू नका. आतली जनावरं शेवटच्या तुकड्यात अडकतात. एका कडेनं सुरू करा आणि शेजारच्या उभ्या पिकाकडं वाट मोकळी सोडा. तोडीचा दर बदलत नाही, टनाला एक रुपयाही जास्त लागत नाही. पाचट पेटवायच्या आधी एकदा फडातून चालत जा.

बांधाचं तर मी कितीदा लिहिलं आहे! शेजाऱ्याची वीतभर जमीन मिळावी म्हणून कोरून कोरून आपण बांध रेघेएवढे केले. जे उरले त्यांच्यावर तणनाशक मारतो, नाहीतर उन्हाळ्यात काडी लावतो. सशाच्या आईला पिल्लं ठेवायला तेवढीच जागा उरली होती. बाटली विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या बांधावर गुडघाभर गवत आहे, ते मला या रविवारी दाखवा. मी पाहायला येईन. आणि कुणी दाखवलं नाही, तर पुढच्या आठवड्यातही बांधावरच लिहीन.