चाकोरीबाहेर

बारामतीत काय नाही, असं कुणी विचारलं तर बारामतीकर जरा विचारात पडतो. एमआयडीसी आहे, मेडिकल कॉलेज आहे, विमानांची धावपट्टीसुद्धा आहे. बराच वेळ डोकं खाजवून तो म्हणतो, "समुद्र नाही." पण हे तो अशा सुरात म्हणतो, की पुढच्या पंचवार्षिकात तोही मंजूर होईल. इंदापूरकरांना ही उणीव भासत नाही. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं, तेव्हापासून त्याच्या फुगवट्यालाच ते समुद्र मानतात.

आमचे मेहुणे इंदापूरचे. उसाचं बिल आलं तेव्हा त्यांनी एक जुनी फोर-व्हील जीप घेतली. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हटलं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, की मेहुणे जीप त्या मोकळ्या पात्रात घालत. अशा दोन उन्हाळ्यांनंतर त्यांना खऱ्या समुद्राची ओढ लागली.

"दाजी, किती दिवस त्या बँकेच्या चाकोरीत फिरणार? जरा चाकोरी सोडा."

हा घाव वर्मी बसला. बावीस वर्षं मी त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत बसतो आहे. खुर्चीलासुद्धा माझा आकार आला आहे. मार्च एंड उरकला, चार दिवसांची रजा टाकली आणि आम्ही दापोलीच्या बाजूला एका किनाऱ्यावर जाऊन उभे राहिलो.

वाळूत गाडी चालवण्याचं एक शास्त्र असतं, हे मला नंतर कळलं. भरतीच्या पाण्याने भिजलेली वाळू कडक असते, तिच्यावरून गाडी चालते. पण तिथवर पोचायला आधी वरची कोरडी, भुसभुशीत वाळू ओलांडावी लागते. त्यासाठी टायरमधली हवा निम्म्याने कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि वजन विभागलं जातं. आमच्या मेहुण्यांचं मत पडलं, की चारही चाकं ओढत असताना हवा सोडणं हा जीपचा अपमान आहे. पन्नास पावलांवर जीप अडली. मेहुण्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. दोन चाकं ओढणारी गाडी अशा वेळी दोन खड्डे खणते. आमच्या गाडीने चार खणले.

भरतीला अडीच तास होते. मी मनातल्या मनात गाडीचा विमा आठवत होतो. एवढ्यात एक आजोबा फावडं घेऊन आले. त्यांनी आधी चारी टायरांतली हवा सोडायला लावली, चाकांपुढची वाळू उपसली, माडाच्या चार झावळ्या आणून चाकांखाली सारल्या आणि म्हणाले, "आता हळू. मागेच घ्या." जीप सुतासारखी बाहेर आली.

मेहुण्यांनी खिशात हात घातला. आजोबा म्हणाले, "पैसे राहू देत. त्या चाकोऱ्या बुजवा आधी."

आम्हाला वाटलं, म्हातारा टापटिपीचा आहे. मी म्हटलं, "भरती येईल, पुसून जातील की."

"इथवर भरती येत नाही. म्हणून तर कासवीण इथे अंडी घालते."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री येऊन भरतीच्या रेषेच्या वर हात-दीड हात खोल खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही अंडी जपली. पण प्रत्येक घरटं माणसाला सापडतंच असं नाही. वरून गाडी गेली तर वाळू दबते, पिल्लांना वर येणं जड जातं. वर आलंच, तर काडेपेटीएवढं ते पिल्लू समुद्राकडे निघतं आणि वाटेत टायरच्या चाकोरीत पडतं. मग त्यातून चढता येत नाही, म्हणून चाकोरीतूनच चालत राहतं. तोवर खेकडे येतात, कावळे येतात.

मेहुणे गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. "केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडच्या किनाऱ्यावर लोक सर्रास मोटारी चालवतात," ते म्हणाले. "शिवाय आमच्या एका गाडीने काय होतंय?"

पहिल्या मुद्द्यावर मला उत्तर सुचलं नाही. तिथली वाळू निराळी, तिथला रिवाज निराळा. पण दुसरा मुद्दा माझ्या खात्यातला होता. बँकेत संध्याकाळी एका रुपयाचा फरक आला, तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो. "एका रुपयाने काय होतंय?" असं तिथे कुणी म्हणत नाही, कारण तो रुपया कुणाच्या तरी खात्यातून गेलेला असतो. इथेही हिशेब सरळ होता. मजा आमच्या खाती जमा आणि रक्कम कासवाच्या नावे. त्या खातेदाराची सही कुणी घेतली होती? पासबुक भरून घ्यायला तो काउंटरवर येणार नाही, एवढ्याच भरवशावर हा व्यवहार चालला होता.

आम्ही फावड्याने आणि पायांनी पन्नास पावलांच्या दोन चाकोऱ्या बुजवल्या. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मला एक गोष्ट कळली. आपण चाकोरी सोडतो तेव्हा चाकोरी नाहीशी होत नाही. ती आपल्या मागे पडत जाते, आणि तिच्यात अडकायला आपल्याहून लहान कुणीतरी येतं. म्हणून घरातच बसावं, असं मी म्हणत नाही. पण जिथे नवी वाट पाडायची, तिथे आधी उतरून चालत बघावं, कोण राहतंय ते.

गेल्या उन्हाळ्यात मेहुण्यांबरोबर पुन्हा पळसदेवला गेलो. जीप पात्राकडे वळली तोच टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. मेहुण्यांनी ब्रेक लावला, दोन मिनिटं स्टिअरिंगवर बोटं वाजवली आणि म्हणाले, "दाजी, पायीच जाऊ. तुमचं पोट पण सुटलंय."

मी आता बँकेत पूर्वीच्याच चाकोरीतून जातो. पण त्याची लाज वाटत नाही. एवढ्या वर्षांत तिच्यात मी एकटाच अडकलेला आहे.